न लागलेलं बटण: तरुण वयातला पक्षाघात आणि हृदयातली एक फट

चौतिसाव्या वर्षी पक्षाघात होतो. रक्तदाब नाही, मधुमेह नाही, तंबाखू-सिगारेटही नाही. मेंदूचा एमआरआय, मानेच्या रक्तवाहिन्या, रक्ताच्या चाचण्या, सगळं तपासून होतं आणि डिस्चार्ज कार्डावर एक ओळ येते: कारण अज्ञात. काही दिवसांनी हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, जरा वेगळ्या पद्धतीने केली जाते आणि रिपोर्टमध्ये लिहून येतं, ‘पीएफओ आहे’. हृदयाला छिद्र! घरच्यांच्या तोंडचं पाणी पळतं. पण त्यातच थोडं हायसंही वाटतं, की चला, कारण तरी सापडलं.

खरंच सापडलं का? या प्रश्नाचं उत्तर घाईने ‘हो’ असं देण्यात धोका आहे आणि घाईने ‘नाही’ म्हणण्यातही आहे. अमेरिकी मॉडेल हेली बीबर हिला २०२२ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी मेंदूत गुठळी जाऊन तात्पुरता झटका आला. पीएफओ सापडला, तो बंद केला आणि हे सगळं तिनेच व्हिडिओतून सांगितलं. त्याआधी २००५ मध्ये टेडी ब्रुस्की या अमेरिकन फुटबॉलपटूला एकतिसाव्या वर्षी पक्षाघात झाला होता. त्याचंही छिद्र बंद केलं गेलं आणि तो त्याच वर्षी पुन्हा मैदानावर उतरला. अशा बातम्या आल्या की दोन प्रकारची माणसं गोंधळतात. एक, ज्यांच्या इकोत सहज म्हणून पीएफओ सापडलेला असतो आणि आता आपली पाळी असं ज्यांना वाटतं. दुसरी, ज्यांना पक्षाघात होऊन गेलाय आणि ज्यांच्यापुढे ‘बंद करून टाका’ आणि ‘काही गरज नाही’ असे दोन उलटे सल्ले येऊन पडलेत. या दोघांनाही उपयोगी पडेल अशा क्रमाने विषय मांडतो.

‘कारण अज्ञात’ म्हणजे नेमकं काय?

पक्षाघात दोन तऱ्हांनी होतो. मेंदूतली रक्तवाहिनी फुटते, किंवा तुंबते. इथे आपण तुंबण्याबद्दल बोलतोय. तुंबण्याची नेहमीची कारणं मोजकी आहेत. मानेतल्या किंवा मेंदूतल्या मोठ्या धमनीत चरबीचा थर साचतो. रक्तदाब आणि मधुमेहामुळे मेंदूच्या आतल्या बारीक वाहिन्या बंद पडतात. हृदयाचे ठोके अनियमित होऊन हृदयातच गुठळी धरते आणि ती वर जाते. तरुणांमध्ये आणखी एक कारण बरंच आढळतं: मानेला झटका बसून धमनीच्या आतलं अस्तर फाटतं.

हे सगळं तपासूनही काही हाती लागलं नाही, तर त्या पक्षाघाताला क्रिप्टोजेनिक म्हणतात. गुठळीमुळे होणाऱ्या दर तीन-चार पक्षाघातांपैकी साधारण एक या रकान्यात जातो. हे निदान नाही, तपासणी कुठवर पोचली याची ती नोंद आहे. म्हणून ‘कारण अज्ञात’ वाचल्यावर पहिला प्रश्न हा विचारायचा: काय काय तपासलं गेलं? पूर्ण तपासणीनंतरचं ‘अज्ञात’ आणि अर्धवट तपासणीनंतरचं ‘अज्ञात’ यांत फार फरक आहे. ‘टेन्शनमुळे झालं असेल’ या उत्तरावर कुणी समाधान मानू नये.

तरुणांच्या बाबतीत एक तातडीची गोष्ट इथेच सांगायला हवी. चेहरा एका बाजूला ओढला जाणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, एका डोळ्याने किंवा एका बाजूचं अचानक दिसेनासं होणं, अचानक तोल जाणं ही लक्षणं वय बघून येत नाहीत. ‘या वयात कुठला पक्षाघात, झोपला की बरं वाटेल’ यात मोलाचे तास जातात. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. मोठी धमनी तुंबली असेल तर निवडक रुग्णांमध्ये २४ तासांपर्यंत तार घालून गुठळी काढता येते. लक्षणं दहा मिनिटांत ओसरली तरी दवाखाना गाठायचाच. घरात अ‍ॅस्पिरिन देऊ नका, कारण वाहिनी फुटली आहे की तुंबली आहे हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. फुटली असेल तर तीच गोळी घात करते.

जन्माआधी हे दार उघडं असावंच लागतं

पोटातलं बाळ श्वास घेत नाही. त्याची फुप्फुसं द्रवाने भरलेली असतात आणि त्याला लागणारा प्राणवायू आईकडून, वारेतून आणि नाळेवाटे येतो. हे चांगलं रक्त हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात पोचतं. तिथून ते फुप्फुसांना वळसा घालून थेट डाव्या बाजूला जायला हवं, म्हणजे मेंदूला लवकर मिळेल. त्यासाठी वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात निसर्गाने एक वाट ठेवलेली असते. या वाटेचं शास्त्रीय नाव फोरामेन ओव्हाले, अर्थ लंबगोल छिद्र.

पण ‘छिद्र’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे येतं, तशी ही वाट नसते. मधला पडदा दोन पदरांचा असतो आणि ते पदर एकमेकांवर थोडे चढलेले असतात. शर्टाच्या दोन पट्ट्या एकमेकींवर येतात तसे. बाळ पहिला श्वास घेतं, फुप्फुसं उघडतात, त्यांतून डाव्या कप्प्यात भरपूर रक्त येऊ लागतं, तिथला दाब वाढतो आणि डावीकडचा पदर उजवीकडच्यावर दाबून बसतो. वाट बंद होते. पुढच्या काही महिन्यांत दोन्ही पदर एकमेकांना चिकटून जातात.

काहींच्यात ते चिकटत नाहीत. शर्ट बंद दिसतो, पण मधलं एक बटण लावायचं राहिलेलं असतं. यालाच पेटंट फोरामेन ओव्हाले, थोडक्यात पीएफओ म्हणतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९८४ मध्ये ९६५ हृदयांच्या शवविच्छेदनाची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतल्या सुमारे २७ टक्क्यांमध्ये ही फट होती आणि तिची सरासरी रुंदी पाच मिलिमीटरच्या आसपास भरली. म्हणजे ढोबळमानाने दर चौथ्या माणसाला पीएफओ असतो आणि बहुतेकांना तो आयुष्यभर कळतही नाही.

लहान मुलांच्या बाबतीत ज्याला आपण ‘हृदयाला छिद्र’ म्हणतो, तो वेगळा दोष. त्यात पडद्याचा तुकडाच कमी असतो, डावीकडून उजवीकडे सतत रक्त झिरपतं आणि पुढे हृदय मोठं होऊ शकतं. त्याला एएसडी म्हणतात. पीएफओमध्ये पडदा पूर्ण असतो, हृदयावर ताण येत नाही, धाप लागत नाही, आयुष्य कमी होत नाही. रिपोर्ट हातात आला की या दोन अक्षरसमूहांपैकी कुठला लिहिलाय ते आधी बघा. निम्मी घबराट तिथेच कमी होते.

गुठळी पायातली, घात मेंदूत

पायाच्या किंवा ओटीपोटाच्या शिरांमध्ये रक्त साकळून छोट्या गुठळ्या होऊ शकतात. तासन्‌तास न हलता बसणं, आजारपणात पडून राहणं, मोठं ऑपरेशन, पाय प्लास्टरमध्ये असणं, गरोदरपण आणि बाळंतपणानंतरचे आठवडे, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, रक्त घट्ट होण्याची आनुवंशिक प्रवृत्ती, अंगातलं पाणी कमी होणं अशी त्याची कारणं. ही गुठळी शिरेतून वर सरकते, हृदयाच्या उजव्या बाजूला येते आणि तिथून फुप्फुसात जाते.

फुप्फुस ही शरीराची गाळणी आहे. तीन-चार मिलिमीटरची गुठळी तिथे अडकते आणि हळूहळू विरघळते. माणसाला पत्ताही लागत नाही. पण तीच गुठळी पदरांच्या फटीतून डावीकडे निसटली, तर गाळणी चुकते आणि पुढचा रस्ता सरळ मेंदूकडे जातो. मेंदूच्या अर्ध्या भागाला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमनीची रुंदी साधारण तीन मिलिमीटर असते. फुप्फुसात गेली असती तर जी जाणवलीही नसती, ती गुठळी इथे हात, पाय आणि वाचा नेते. शिरेतली गुठळी धमनीत जाऊन अडकण्याच्या या प्रकाराचं वर्णन जर्मन विकृतिशास्त्रज्ञ युलियस कोनहाइम यांनी १८७७ मध्येच केलं होतं.

डावीकडचा दाब जास्त असताना गुठळी उलटी जाते कशी? दाब काही क्षणांपुरता उलटतो म्हणून. श्वास कोंडून जोर लावला की छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे येणारं रक्त अडून राहतं. जोर सोडताच हे अडलेलं रक्त एकदम उजव्या कप्प्यात लोटतं. त्या एक-दोन ठोक्यांपुरता उजवीकडचा दाब वरचढ होतो आणि पदर उघडतो. जोराचा खोकला, जड वजन उचलणं, शौचाला कुंथणं, प्रसूतीच्या कळा, सगळीकडे हेच घडतं. म्हणूनच पक्षाघात झालेल्या तरुणाला डॉक्टर विचारतात: त्या क्षणी काय करत होतात? आदल्या आठवड्यात लांबचा प्रवास झाला होता का? पोटरी दुखत होती का? हे प्रश्न गप्पांसाठी नसतात. घरच्यांनी त्या दिवसांचा तपशील आठवून लिहून नेला तर तो एखाद्या महागड्या चाचणीइतका उपयोगी पडतो.

मग दर चौथ्या माणसाला पक्षाघात का होत नाही?

रास्त शंका आहे. फट असणं पुरेसं नाही. गुठळी तयार व्हावी लागते, ती सुटावी लागते, ती फटीपाशी असतानाच दाब उलटावा लागतो आणि पुढे ती नेमकी मेंदूकडेच जावी लागते. एवढं सगळं एका वेळी जुळून येणं दुर्मिळ. त्यामुळे ज्याला कधीच पक्षाघात झालेला नाही आणि इकोत सहज पीएफओ दिसला, त्याने काहीही करायचं नसतं. छिद्र बंद करायचं नाही, गोळ्याही नाहीत.

पण तरुण आणि कारण न सापडलेल्या रुग्णांमध्ये पीएफओ योगायोगापेक्षा बराच जास्त आढळतो. १९८८ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी ५५ वर्षांखालच्या ६० पक्षाघातग्रस्तांची तुलना १०० इतर लोकांशी केली. रुग्णांमध्ये ४० टक्क्यांना पीएफओ होता, इतरांमध्ये १० टक्क्यांना. ज्यांच्या पक्षाघाताचं कारणच सापडलं नव्हतं त्यांच्यात प्रमाण ५४ टक्के होतं. (निरोगी लोकांमधला दहाचा आकडा शवविच्छेदनातल्या २७ पेक्षा कमी का? छातीवरून केलेल्या इकोत बारीक फटी निसटतात, म्हणून.)

तेव्हा एखाद्या रुग्णात पीएफओ सापडला, तर तो गुन्हेगार की नुसताच जागेवर हजर असलेला बघ्या, हे ठरवायचं कसं? त्यासाठी २०१३ मध्ये दहा गुणांचं एक गणित तयार झालं, रोप स्कोअर नावाचं. रक्तदाबाचा त्रास नसेल तर १ गुण, मधुमेह नसेल तर १, आधी पक्षाघात किंवा तात्पुरता झटका आलेला नसेल तर १, धूम्रपान नसेल तर १ आणि स्कॅनमध्ये इजा मेंदूच्या बाहेरच्या थरात असेल तर १. उरलेले वयाचे: १८ ते २९ ला ५, तिशीत ४, चाळिशीत ३, पन्नाशीत २, साठीत १, सत्तरीपासून शून्य.

आता सुरुवातीचा चौतीस वर्षांचा रुग्ण घ्या. वयाचे ४. रक्तदाब, मधुमेह, आधीचा झटका, धूम्रपान यांपैकी काहीच नाही, त्याचे ४. इजा बाहेरच्या थरात आहे असं धरू, त्याचा १. एकूण ९. या गुणांवर पीएफओ हेच कारण असण्याची शक्यता साधारण ८८ टक्के धरली जाते. दुसरा रुग्ण छपन्न वर्षांचा. रक्तदाब आहे, साखर आहे, सिगारेट आहे, इजा मेंदूच्या आत खोलवर आहे, पण हा पहिलाच झटका. वयाचे २ आणि पहिल्या झटक्याचा १, एकूण ३. इथे पीएफओ कारण असण्याची शक्यता जवळपास शून्य. इको रिपोर्टमधली ओळ दोघांचीही तीच असते, अर्थ मात्र पूर्ण वेगळा. आपला रोप स्कोअर किती, हे डॉक्टरांना विचारायला अजिबात संकोच करू नका.

फटीची ठेवणही महत्त्वाची. शिरेत हवेचे बारीक बुडबुडे सोडून फट तपासतात (ही चाचणी पुढे येतेच). त्यात वीसपेक्षा जास्त बुडबुडे पलीकडे गेले तर वाट मोठी समजतात. आणि पडदा सैल असून प्रत्येक ठोक्याला शिडासारखा दहा मिलिमीटर किंवा जास्त झुलत असेल, तर तीही जोखमीची खूण. गुण सात किंवा वर आणि सोबत यांपैकी एक तरी खूण, असं जुळलं तर पीएफओवरचा संशय पक्का होत जातो. दोन्ही नसेल तर तो बहुधा निर्दोष.

बुडबुड्यांची चाचणी

साधा इको करून ‘हृदय नॉर्मल’ असं लिहून आलं, तरी पीएफओ नाही असं सिद्ध होत नाही. बंद शर्टातलं न लागलेलं बटण नुसतं बघून दिसत नाही, ते ओढून बघावं लागतं. चाचणीही तेच करते.

दहा मिलीच्या दोन सिरिंज एका तीन तोंडांच्या नळीला जोडतात. एकीत सुमारे नऊ मिली सलाइन आणि एक मिली हवा असते. काही ठिकाणी रुग्णाचंच थोडं रक्त त्यात मिसळतात, म्हणजे बुडबुडे जास्त बारीक होतात. मग या सिरिंजमधून त्या सिरिंजमध्ये असं मिश्रण जोरजोरात खेळवतात, तोवर की ते दुधाळ, फेसाळ दिसू लागतं. मोठी हवा काढून टाकून हे मिश्रण कोपराजवळच्या शिरेत झटकन सोडतात. पडद्यावर हृदयाचा उजवा भाग पांढऱ्या ठिपक्यांनी भरून जातो. निरोगी माणसात डावा भाग काळाच राहतो, कारण बुडबुडे फुप्फुसाच्या गाळणीत अडकतात. उजवा कप्पा भरल्यापासून तीन ठोक्यांच्या आत डावीकडे ठिपके चमकले, तर पीएफओ. पाच-सहा ठोक्यांनंतर उशिरा दिसले, तर वाट हृदयात नसून फुप्फुसातल्या एखाद्या सदोष रक्तवाहिनीत असू शकते. तिचा उपचार निराळा, हृदयात बटण बसवून उपयोग नाही.

ही चाचणी फसते ती बहुतेक वेळा एका कारणाने: रुग्ण जोर नीट लावत नाही. तोंड मिटून, नाक दाबून, पोटावर ताण देत जोर करायचा आणि सांगितल्या क्षणी एकदम सोडायचा. फट उघडते ती सोडताना. हे आधी दोन-तीनदा करून बघा, मगच इंजेक्शन द्या, असं स्वतःहून सांगा. गुंगी दिलेल्या रुग्णाला असा जोर लावता येत नाही, त्यामुळे घशातून नळी घालून केलेला इको चित्र सगळ्यात स्पष्ट दाखवत असला तरी प्रवाह कमी दाखवू शकतो. म्हणून छातीवरचा आणि घशातला असे दोन्ही इको एकमेकांना पूरक ठरतात. कानशिलावर यंत्र ठेवून बुडबुडे मेंदूच्या धमनीत पोचतात का, हे बघणारी डॉपलर चाचणीही आहे. ती फार संवेदनशील असते, पण वाट नेमकी कुठे आहे हे सांगत नाही.

पीएफओला दोष देण्याआधी

बंद करायची शस्त्रक्रिया सोपी झाल्यामुळे एक मोह वाढलाय: फट दिसली की इतर शोध थांबवायचा. हे घातक ठरू शकतं, कारण खरं कारण मागे राहिलं तर बटण बसवूनही दुसरा झटका येतो.

मेंदूचा एमआरआय हवाच. मानेपासून मेंदूपर्यंतच्या धमन्यांची सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी हवी, त्यातच अस्तर फाटलेलं दिसतं. ठोक्यांच्या अनियमिततेसाठी निव्वळ एक ईसीजी पुरत नाही. किमान २४ तासांचं, आणि चाळिशीनंतर किंवा शंका असल्यास कित्येक आठवड्यांचं निरीक्षण लागतं. क्रिस्टल एएफ या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४४१ रुग्ण होते. त्यांपैकी ज्यांच्या त्वचेखाली छोटं नोंदयंत्र बसवलं, त्यांच्यात वर्षभरात १२.४ टक्क्यांना ही अनियमितता सापडली. नेहमीच्या तपासणीत ती फक्त २ टक्क्यांना सापडली होती. रक्तात अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं, म्हणजे गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढवणारी प्रथिनं, तपासतात. ती सापडली तर बारा आठवड्यांनी पुन्हा बघायची, कारण आजारपणात ती तात्पुरतीही वाढतात. पायाच्या शिरांचा डॉपलर पहिल्या काही दिवसांतच करायला हवा. महिन्याने केलेला डॉपलर ‘नॉर्मल’ आला तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही, गुठळी तोवर विरघळलेली असते. पाय स्वच्छ निघाले तरी ओटीपोटाच्या शिरा उरतात, त्या एमआरआयमध्ये दिसतात.

निर्णय मेंदूविकार तज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ या दोघांनी मिळून घ्यायचा असतो. पक्षाघाताचं दुसरं कारण नाही हे पहिल्याने सांगायचं, फट बंद करण्याजोगी आहे हे दुसऱ्याने. फक्त एकाचंच मत मिळालं असेल तर दुसऱ्याचं घ्या.

बंद केल्याने खरंच फायदा होतो?

या प्रश्नाचं उत्तर बदललं आहे आणि म्हणूनच जुने-नवे सल्ले एकमेकांत अडकतात. २०१२ आणि २०१३ मध्ये, बंद केलेल्या आणि फक्त औषधांवर ठेवलेल्या रुग्णांची तुलना करणाऱ्या तीन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. तिन्हींत बंद करण्याचा ठोस फायदा दिसला नाही. त्यांतल्या काहींत दुसरं कारण असू शकणारे रुग्णही घेतले गेले होते, फटी लहान होत्या, पाठपुरावा कमी वर्षांचा होता. पहिल्या चाचणीतलं उपकरणही फारसं चांगलं नव्हतं. मग सप्टेंबर २०१७ मध्ये तीन निकाल एकदमच प्रसिद्ध झाले आणि पारडं फिरलं. त्यांतली क्लोज नावाची चाचणी बघा. १६ ते ६० वर्षांचे, मोठी फट किंवा झुलता पडदा असलेले रुग्ण निवडून घेतले. बंद करायच्या गटात २३८ जण होते. सरासरी पाच वर्षांत त्यांपैकी एकालाही पुन्हा पक्षाघात झाला नाही. फक्त अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्यांवर ठेवलेल्या २३५ जणांपैकी १४ जणांना झाला.

पुढे २०२१ मध्ये सहा चाचण्यांमधल्या ३,७४० रुग्णांचा एकत्रित हिशेब मांडला गेला. पुन्हा पक्षाघात होण्याचं प्रमाण गोळ्यांवर दरवर्षी सुमारे १.०९ टक्के, बंद केल्यावर ०.४७ टक्के. आपल्या भाषेत: शंभर जणांना पाच वर्षं गोळ्यांवर ठेवलं तर सुमारे पाच जणांना पुन्हा झटका येतो, बंद केलं तर दोघा-तिघांना. म्हणजे तिघांचा वाचतो. याच हिशेबात ज्यांचा पीएफओ गुन्हेगार असण्याची दाट शक्यता होती, त्यांच्यात धोका तब्बल ९० टक्क्यांनी घटला. ज्यांचा निर्दोष वाटत होता त्यांना काहीच फायदा झाला नाही, उलट ठोके अनियमित होण्याचा त्रास त्यांनाच जास्त झाला. वरचं गुणांचं गणित का एवढं रंगवून सांगितलं, ते यावरून ध्यानात येईल.

आकडे लहान आहेत, हे खरं. पण चौतिशीतल्या माणसापुढे पाच नाही, चाळीस वर्षं असतात.

बटण बसवतात कसं, आणि काय बिघडू शकतं

छाती उघडावी लागत नाही. जांघेतल्या शिरेत सुई टोचून साधारण तीन मिलिमीटर जाडीची नळी हृदयापर्यंत सरकवतात. क्ष-किरण आणि इको या दोन्हींवर नजर ठेवून तार फटीतून डावीकडे नेतात. उपकरण म्हणजे निकेल-टायटॅनियमच्या बारीक तारांच्या दोन चकत्या, मध्ये लहान मान. रुग्ण त्याला छत्री म्हणतात, कारण नळीत ती मिटून बसते. डावीकडची चकती आधी उघडतात, मागे ओढून पडद्याला टेकवतात, मग उजवीकडची उघडतात. दोन्ही पदर चकत्यांच्या मध्ये दाबले जातात. सोडण्याआधी तार मागे-पुढे हलवून पकड तपासतात, पटलं नाही तर छत्री पुन्हा मिटून बाहेर घेता येते. एकूण काम तासाभराचं आणि मुक्काम बहुधा एका रात्रीचा. पुढच्या तीन-सहा महिन्यांत हृदयाचं अस्तर चकत्यांवरून वाढून त्यांना झाकून टाकतं.

सगळ्यात जास्त दिसणारा त्रास म्हणजे ठोक्यांची अनियमितता. क्लोज चाचणीत ती बंद केलेल्या गटात ४.६ टक्क्यांना झाली, गोळ्यांच्या गटात ०.९ टक्क्याला. बहुतेकदा पहिल्या दीड महिन्यात होते आणि थांबते. पण धडधड जाणवली तर ‘नवीन उपकरण आहे, होणारच’ म्हणून बसून राहायचं नाही, ईसीजी काढायचा. जांघेत रक्त साकळणं हा दुसरा, लहान त्रास. छत्री निसटणं, तिच्यावरच गुठळी धरणं किंवा तिने हृदयाच्या भिंतीला घासून इजा करणं दुर्मिळ, पण गंभीर. निकेलची ॲलर्जी, म्हणजे खोट्या दागिन्यांनी किंवा घड्याळाच्या पट्ट्याने पुरळ येणं, आधीच सांगून ठेवा.

आठवडाभर जड उचलायचं नाही. सहा महिन्यांनी बुडबुड्यांची चाचणी पुन्हा करून फट बुजली का बघतात. तोवर दातांच्या उपचाराआधी प्रतिजैविक घ्यावं लागतं, म्हणून दंतवैद्याला सांगायला विसरू नका. एमआरआय करता येतो, उपकरणाचं कार्ड सोबत ठेवायचं.

‘बंद केलं, आता गोळ्या कशाला?’

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, आणि गोळ्या मनाने बंद करण्यातूनच चकतीवर गुठळी धरते. सुरुवातीचे एक ते सहा महिने दोन गोळ्या, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, मग एक गोळी पुढे काही वर्षं, असा साधारण क्रम असतो. कधी थांबवायचं ते डॉक्टर ठरवतात. पायात गुठळी सापडली असेल किंवा अँटिफॉस्फोलिपिडचा दोष असेल, तर रक्त गोठू न देणारी वेगळी औषधं लागतात. छत्री बसवल्याने त्यांची गरज संपत नाही. तिने वाट बंद केलेली असते, गुठळी होण्याची प्रवृत्ती नाही.

‘मायग्रेन जाईल का? साठीनंतर करता येईल का?’

डोळ्यांपुढे नागमोडी रेघा दिसून सुरू होणारं मायग्रेन आणि पीएफओ एकाच माणसात बरेचदा आढळतात. मात्र मायग्रेनसाठी छिद्र बंद करून बघितलेल्या चाचण्यांना अपेक्षित यश आलं नाही, म्हणून निव्वळ डोकेदुखीसाठी हे करत नाहीत. अशा मायग्रेनसोबत इस्ट्रोजेनच्या गोळ्या आणि सिगारेट मात्र पक्षाघाताचा धोका वाढवतात. स्त्रीरोगतज्ज्ञाला हा त्रास सांगून दुसरा पर्याय मागा. साठीनंतर दुसरं कारण असण्याची शक्यता जास्त आणि चाचण्याही मुख्यतः साठीखालच्यांवर झालेल्या, त्यामुळे तिथे फार निवडक रुग्णांमध्येच विचार होतो.

‘भावंडांची, मुलांची तपासणी करून घेऊ का?’

नको. पीएफओ काही घरांमध्ये जास्त दिसतो हे खरं, पण शंभरातल्या पंचवीस जणांना तो असतोच आणि पक्षाघात झालेला नसताना सापडला तरी त्यावर उपचार करायचा नसतो. तपासणीतून हाती येईल ती फक्त काळजी. घरात तपासायचं असेल तर पस्तिशीच्या भावाचा रक्तदाब मोजा. आणि आई, बहीण, आत्या यांच्यापैकी कुणाला पायात वारंवार गुठळ्या झाल्यात का, लागोपाठ गर्भपात झालेत का, हे विचारून डॉक्टरांना सांगा. रक्तातला दोष शोधायला त्यांना त्याचा उपयोग होतो.